सातबाऱ्यावर नसलेली गावं

महाराष्ट्राचा नकाशा वायव्येला जिथे नर्मदेला टेकतो, तिथे सातपुड्याच्या उतरणीवर भिल्ल आणि पावरा लोकांची गावं आहेत. गाव म्हणजे इथे घरांची दाटी नसते. एका टेकाडावर एक घर, दुसऱ्या टेकाडावर दुसरं, मधे शेत आणि खाली नदी. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अशी ३३ गावं महाराष्ट्रातली होती. ती अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांत येतात. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात पुनर्वसनाचा नियम घालून दिला होता. ज्या खातेदाराची पाव हिश्श्याहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन मिळावी, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला जावा. नियम तसा उदार होता. पण खातेदार म्हणजे ज्याचं नाव कागदावर आहे तो, आणि या डोंगरातली कितीतरी गावं वनगावं होती, त्यांची मोजणीच झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारदप्तरी वनखात्याची होती, आणि तिथे कसणाऱ्याची नोंद झालीच तर ‘अतिक्रमण’ या शब्दाखाली होत असे. गुजरात सरकारने पुढे अशा लोकांनाही पाच एकर देण्याचं धोरण घेतलं. महाराष्ट्राच्या धोरणात मात्र अतिक्रमणदाराच्या वाट्याला एकच एकर होता. त्यामुळे या खोऱ्यात कागदाचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न एकच होता.

या धरणाविरुद्धच्या लढ्यावर जे माहितीपट झाले, त्यांच्याकडे आपण प्रचाराचं साधन म्हणून पाहतो: त्यांनी किती लोकांची मनं वळवली, किती पुरस्कार मिळवले, धरण थांबवलं की नाही. माझ्या मते हे मोजमाप चुकीच्या जागी लावलेलं आहे. ज्यांच्याजवळ सातबारा नव्हता, त्यांच्यासाठी हे चित्रीकरण म्हणजे आपण इथे होतो, असे राहत होतो, हे पिकवत होतो, याचा पुरावा होता. मराठीत या चित्रप्रकाराला जे शब्द रुळले त्यांनी हा अर्थ थोडा झाकला आहे. ‘अनुबोधपट’ म्हटलं की प्रेक्षकाला काहीतरी शिकवायचं आहे असं वाटतं, आणि ‘माहितीपट’ म्हटलं की त्याला काहीतरी सांगायचं आहे. डॉक्युमेंटरी या शब्दाच्या पोटातला दस्तऐवज दोन्ही शब्दांत उतरत नाही. तलाठ्याच्या दप्तरात जे असतं तेच इथे पडद्यावर असतं: माणूस, जमीन, पीक, चतुःसीमा आणि तारीख. फरक इतकाच की दप्तर सरकारच्या ताब्यात असतं, आणि नोंद करायची की नाही हेही सरकारच ठरवतं.

चित्रपटाच्या बाबतीतही दीर्घकाळ तीच स्थिती होती. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना मुंबईत १९४८ मध्ये झाली. मान्यताप्राप्त लघुपट आणि वार्तापट मुख्य चित्रपटाआधी दाखवण्याची सक्ती चित्रपटगृहांवर परवान्याच्या अटीतूनच होती. परिणामी दोन-तीन पिढ्यांनी धरणं, कालवे आणि वीजघरं पडद्यावर पाहिली ती याच चित्रपटांतून. कॅमेरा सरकारचा आणि चित्रफीतही सरकारची; त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाजही सरकारचा होता. या लघुपटांची ठरीव घडण अशी की शेतकरी दिसतो, मजूर दिसतो, डोक्यावर घमेलं घेतलेली बाई दिसते, पण बोलतो तो न दिसणारा निवेदक. याला सन्मान्य अपवाद आहेत. १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’त स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी बोलू दिलं, आणि त्या काळात संस्थेच्या आतच अशी काही धीट कामं झाली. तरीही ज्याची जमीन पाण्याखाली जाते त्याला सलग पाच मिनिटं, त्याच्या भाषेत, त्याच्या जागेवर उभं राहून बोलू द्यायचं, ही गोष्ट त्या घडणीत बसत नव्हती. हे कोणा एका दिग्दर्शकाच्या दुष्टपणाने झालं नाही. राष्ट्र उभारण्याच्या त्या उत्साहात तोटा सोसणाऱ्याला वेगळा आवाज असतो, ही कल्पनाच व्यवस्थेला नव्हती.

दस्तऐवज नसल्याने काय हरवतं, हे पाहायचं तर मुळशीकडे जावं लागतं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण व्हायचं होतं. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर बसून काम अडवलं. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावं या सत्याग्रहाशी कायमची जोडली गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो बारकाईने अभ्यास केला आहे, त्यातून एक बोचरी गोष्ट पुढे येते. मुळशी पेट्यातली बरीचशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, आणि ती कसणारे मावळे कुळं झाले होते. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा सावकारांचं हित आणि कुळांचं हित वेगळं पडलं. ज्याचं नाव कागदावर होतं त्याला मोबदला होता; ज्याचे पाय चिखलात होते त्याला फारसं काही नव्हतं. १९२४ अखेरपर्यंत हा लढा ओसरला. त्याची पत्रकं आपल्याकडे आहेत, पुढाऱ्यांचे लेख आहेत, भुस्कुट्यांचं पुस्तक आहे. पण मुळशीची मावळण आपल्या शेताबद्दल काय म्हणाली, हे तिच्या तोंडून ऐकण्याची सोय नाही. मराठी मुलखात तेव्हा कॅमेरा नव्हता असंही नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्येच आला होता. मुळशीचा लढा संपल्यावर लगेच, १९२५ मध्ये, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी येतो, अशी त्याची गोष्ट. मराठी चित्रपटाला कागदाची ताकद इतक्या लवकर कळली होती, पण ती कथेतून. प्रत्यक्ष गावात कॅमेरा घेऊन जाण्याइतकी साधनं हलकी व्हायला आणि मनं मोकळी व्हायला अजून अर्धशतक जावं लागलं.

ते घडल्यावर पहिला मोठा प्रश्न मुंबईच्या फुटपाथवरून आला. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ १९८५ चा. झोपड्या पाडण्याच्या मोहिमा तेव्हा जोरात होत्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असं मानलं, आणि तरीही योग्य नोटिशीनंतर पाडापाडीला मुभा दिली. या चित्रपटात एक प्रसंग आहे, ज्याच्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. घर मोडून पडलेलं आहे आणि एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसावरच उलटते. तुम्ही चित्रं काढून घेऊन जाल, तुमचं नाव होईल, आमचं काय, असा तिच्या बोलण्याचा रोख. दिग्दर्शकाला तो प्रसंग गाळता आला असता, त्याने ठेवला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण त्या बाईने दस्तऐवजाचा मूळ प्रश्न विचारला आहे: हा कागद कुणाच्या कामाचा? पुढे १९८६ मध्ये कफ परेडच्या संजय गांधी नगरची वस्ती पाडली गेली. तेव्हा रहिवाशांबरोबर उपोषणाला बसलेल्यांत शबाना आझमींसोबत पटवर्धनही होते, आणि त्या लोकांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली. ती चित्रपटाने मिळवून दिली असं म्हणणं खोटं ठरेल; ती लोकांनी आणि उपोषणाने मिळवली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरी दूरदर्शनवर येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्या सरकारने गौरवलं त्याच सरकारच्या वाहिनीने अडवलं, यावरून कळतं की या नोंदीतलं काहीतरी त्या व्यवस्थेला झोंबत होतं.

आता नर्मदेवरच्या चित्रपटांच्या तारखा नीट पाहू, कारण माझा मुद्दा त्या तारखांवरच उभा आहे. जागतिक बँकेने सरदार सरोवराला ४५ कोटी डॉलरचं कर्ज १९८५ मध्ये मंजूर केलं. हरसूदचा प्रचंड धरणविरोधी मेळावा सप्टेंबर १९८९ चा. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला आंदोलकांचा मुक्काम आणि आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकरांचं दीर्घ उपोषण १९९०-९१ च्या हिवाळ्यातलं. बँकेने नेमलेल्या, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र पाहणी मंडळाचा अहवाल जून १९९२ मध्ये आला, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. आता चित्रपट. अली काझमी यांचा ‘नर्मदा: अ व्हॅली रायझेस’ १९९४ चा, फेरकुव्याकडे निघालेली सुमारे सहा हजार माणसांची पदयात्रा त्यात आहे. सिमंतिनी धुरू आणि आनंद पटवर्धन यांची ‘नर्मदा डायरी’ १९९५ ची. झरना झवेरी आणि अनुराग सिंग यांचा ‘कैसे जीबो रे’ १९९७ चा. संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’ आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा जलसिंधी गावावरचा ‘ड्राउन्ड आउट’ हे दोन्ही २००२ चे. म्हणजे महत्त्वाचे बहुतेक चित्रपट जागतिक बँक निघून गेल्यानंतर आले, आणि शेवटचे दोन तर सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर. त्या निकालात तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी धरणाचं काम पुढे नेण्याला संमती दिली होती. मन वळवण्यासाठीच हे चित्रपट काढले असते तर ते कायम उशिराच पोचले असं म्हणावं लागेल. त्यांची गती निर्णयाच्या टेबलाशी जुळत नाही, चढत्या पाण्याशी जुळते. धरणाची उंची ८० मीटर, ८८, ९०, ९५ अशी वाढत गेली आणि दर पावसाळ्यात पाण्याची रेषा काही शेतं, काही घरं वर सरकली. डोमखेडी आणि जलसिंधी, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर, छातीभर पाण्यात उभी राहिलेली माणसं, ही त्या वर्षांची खूण. चित्रीकरण करणारे त्या रेषेच्या जरा वर उभे राहून, ती पुसून जायच्या आत नोंद करत होते.

मोर्स मंडळाबद्दल इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते या युक्तिवादाला जोडलेलं आहे. मंडळाचे उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडाचे न्यायविद. सत्तरच्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातल्या वायूवाहिनीची चौकशी त्यांनी केली, ती गावोगाव जाऊन. शिकाऱ्याची आणि मच्छीमाराची साक्ष त्यांनी अभियंत्याच्या साक्षीइतकीच नोंदवून घेतली, आणि दहा वर्षं वायूवाहिनी टाकू नये अशी शिफारस केली. तीच नजर घेऊन ते सातपुड्यात आले. महाराष्ट्रात ज्यांना अतिक्रमणदार म्हटलं जातं ते वहिवाटीने शेतकरीच आहेत, आणि पुनर्वसनाचा पायाच या भेदाने कच्चा राहिला आहे, हे त्या अहवालात स्पष्ट आलं. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि त्याच्या नियमांनी हेच तत्त्व देशभर मान्य केलं. दाव्याच्या पुराव्यात आता काय चालतं ते पाहावं: घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेले बांध, जुनी विहीर, दफनाची जागा, देवस्थान, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन. ही यादी घेऊन ‘नर्मदा डायरी’ किंवा काझमींचा चित्रपट पाहायला बसलं तर जवळजवळ प्रत्येक बाब पडद्यावर सापडते. कायद्याने पुरावा म्हणून जे मानलं, ते कॅमेऱ्याने दहा-बारा वर्षं आधी टिपून ठेवलं होतं. मोजणी हा किती जिवाचा प्रश्न होता, हे एका घटनेवरून कळतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये धुळे जिल्ह्याच्या डोंगरात सर्वेक्षणाला विरोध झाला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एक कोवळा आदिवासी मुलगा मेला. नंतरही किती कुटुंबं बाधित आहेत यावर वाद चालूच राहिला. २००१ मध्ये राज्य सरकारला न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमावी लागली. ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ प्रकल्पग्रस्त हे शब्द नंदुरबारच्या कचेऱ्यांत आजही वापरात आहेत.

हे चित्रपट एकतर्फी आहेत, हा आक्षेप मी हलका मानत नाही. नर्मदेचं पाणी कच्छ आणि सौराष्ट्रात पोचलं आहे. तिथल्या ज्या बाईने मैलोन्‌मैल डोक्यावरून पाणी वाहिलं, तिचा हक्कही हक्कच आहे, आणि या चित्रपटांत ती जवळजवळ नाही. कोणी म्हणेल की तिच्या वतीने बोलायला राज्ययंत्रणा होती, वर्तमानपत्रं होती, दूरचित्रवाणी होती. हे खरं असलं तरी पुरेसं नाही. कारण यंत्रणा तिच्या तहानेचा आधार घेऊन बोलत होती, तिला बोलू देत नव्हती. ही उणीव मान्य करूनही एक फरक राहतो. दस्तऐवज निष्पक्ष असावा ही अपेक्षा आपण खरेदीखताकडून ठेवत नाही, जबाबाकडून ठेवत नाही. तो खरा असावा एवढीच अपेक्षा असते. जबाब देणारा आपली बाजू सांगतो. निवाडा करणाऱ्याने दोन्ही बाजू ऐकायच्या असतात. या खोऱ्यातली अडचण अशी होती की एका बाजूचा जबाब कागदावर उतरतच नव्हता. तो उतरवून घेणाऱ्याला, तू दुसऱ्या बाजूचाही का उतरवला नाहीस, असं विचारता येईल. पण उतरवलेला जबाब त्यामुळे खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो ‘हमारा शहर’मधल्या त्या बाईचाच आहे: कॅमेरा बाहेरच्यांच्या हातात होता. नर्मदेवरच्या वर दिलेल्या नावांत एकही भिल्ल नाही, एकही पावरा नाही. माणसं त्यांच्या बोलीत बोलली आणि उपशीर्षकं इंग्रजीत आली, म्हणजे चित्रपट दूरच्या प्रेक्षकाला आधी समजला आणि शेजारच्या तालुक्याला नंतर. हे टाळता येण्यासारखं होतं का? कॅनडातल्या फोगो बेटावर १९६७ मध्ये कॉलिन लो यांनी मच्छीमारांची वीसहून अधिक छोटी चित्रणं केली. सरकार त्या बेटावरच्या लोकांना दुसरीकडे हलवण्याच्या विचारात होतं. चित्रणं आधी बेटावरच्याच वेगवेगळ्या वस्त्यांना दाखवली गेली, मग मंत्र्यांना. मंत्र्यांचं उत्तरही चित्रित होऊन बेटावर परत आलं. लोक हलले नाहीत, त्यांनी सहकारी संस्था काढली. त्याच देशात अलानिस ओबॉमसाविन या अबेनाकी दिग्दर्शिकेने १९८४ मध्ये मिगमॉ लोकांच्या रावस मासेमारीवर पडलेल्या पोलिसी धाडींचा चित्रपट केला, आणि मच्छीमारांच्या वतीने थेट मंत्र्याला जाब विचारला. आपल्याकडे झारखंडमध्ये बिजू टोप्पो हे उरांव समाजातले दिग्दर्शक मेघनाथ यांच्याबरोबर ‘अखरा’ या गटातून आपल्याच भागातल्या खाणी आणि विस्थापनावर चित्रपट करत आले आहेत. सातपुड्यात धरणविरोधी आंदोलनाने चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा उघडल्या, तिथे मुलं आपल्या बोलीतून शिकू लागली, आणि तो पाया मोठा होता. पण कॅमेरा चालवणारी पिढी तिथून लगेच उभी राहिली नाही. हा दोष मी त्या दिग्दर्शकांना देत नाही, मात्र तो दोषच आहे. मुळशीत पुढारी लिहीत होते आणि मावळे गप्प होते; नर्मदेत मावळ्यांच्या जागी असलेली माणसं बोलू लागली, पण कापणी आणि जुळणी अजून दुसऱ्याच्या हातात राहिली. सत्तर वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला, आणि उरलेला तसाच आहे.

धरण १३८.६८ मीटरपर्यंत गेलं, २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं, २०१९ मध्ये ते प्रथमच काठोकाठ भरलं. महाराष्ट्रातून बुडितात पहिल्यांदा गेलेलं मणिबेली आणि तिथलं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली आहे. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं म्हणून १९९४ मध्ये जगभरच्या शेकडो संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला याच गावाचं नाव दिलं गेलं. त्या गावाची चित्रं आहेत, पण ती शोधायची कशी? चित्रपट दिग्दर्शकाच्या नावाने लावले जातात, महोत्सवाच्या वर्षाने लावले जातात. तासाभराच्या चित्रपटामागे कितीतरी तासांचं न वापरलेलं चित्रीकरण असतं, आणि चुंबकीय फिती ओलाव्याने आणि वयाने खराब होत जातात. त्या वाचल्या तर त्यांची सूची गावनिहाय व्हावी, महसूल दप्तरातल्या गाव नमुन्यासारखी: कोणतं गाव, कोणता पाडा, कोण बोलतंय, पाणी कुठपर्यंत आलं होतं, तारीख कोणती, मागे कोणतं पीक उभं आहे. तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत वाढलेल्या मुलांना आपल्या आजोबाचं शेत नदीच्या कोणत्या वळणावर होतं हे त्यातून दाखवता येईल, आणि ज्या कुटुंबाचा अर्ज अजून कचेरीत अघोषित म्हणून पडून आहे, त्याला त्या अर्जासोबत जोडायला काहीतरी मिळेल.